मेंदीने पांढरे केस काळे होतात का?

प्रश्न : माझे वय ५२ असून मी खानापूर तालुक्यात राहते. गेली चार वर्षे दर महिन्याला लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली मेंदी केसांना लावते, परंतु कानशिलांजवळचे पांढरे केस नारिंगी दिसतात. गेल्या महिन्यात आठवडी बाजारातून ‘काळी मेंदी’ आणली. अर्ध्या तासात केस काळेभोर झाले, पण दुसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला खाज सुटली आणि पापण्या सुजल्या. घरची मंडळी म्हणतात, पहिल्या खेपेला असे होतेच. पुन्हा लावून पाहावी का?

उत्तर : पुन्हा मुळीच लावू नये, आणि उरलेले पाकीट घरातील दुसऱ्या कोणाच्या डोक्यालाही लागू देऊ नये. आपल्याला जे झाले ती ॲलर्जीची लक्षणे दिसतात. अशी ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या खेपेस अधिक जोराने उसळू शकते. पापण्यांची सूज किंवा खाज अजून असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे व जाताना ते पाकीट बरोबर न्यावे. ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, तर मात्र क्षणाचीही वाट न पाहता दवाखाना गाठावा.

मेंदीच्या पानाला एकच रंग असतो आणि तो काळा नाही. पानातील लॉसोन नावाचे रंगद्रव्य केसातील केराटिन या प्रथिनाला घट्ट धरते; काळ्या केसावर त्याची तांबूस झाक उन्हात तेवढी जाणवते, तर पांढरा केस सरळ नारिंगी होतो. म्हणजे आपली जुनी मेंदी वाईट नव्हती, तिने आपले काम चोख केले होते. अर्ध्या तासात काळे करणाऱ्या पाकिटात मेंदी बहुधा नावापुरती असते आणि खरा रंग पॅराफेनिलिनडायअमीन, म्हणजे पीपीडी, या रसायनाचा असतो. आपल्या भागात पाकिटाच्या दर्शनी बाजूस कन्नडमध्ये ‘मदरंगी’ असो की हिंदीत ‘मेहंदी’, त्यावर विसंबू नये. मागच्या बाजूची बारीक इंग्रजी अक्षरांतील घटकांची यादी शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी, आणि तिथे मेंदीच्या पानांच्या पुडीखेरीज काही असेल, किंवा यादीच नसेल, तर ते पाकीट दुकानातच ठेवावे.

गडद तपकिरी रंग हवा असेल तर त्यालाही वाट आहे, पण ती सावकाशीची आहे. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम पूड पुरते. ती कोमट पाण्यात लिंबाचा थोडा रस घालून दाटसर भिजवावी. तेल, दही, अंडे घालू नये. तेलाने रंग केसापर्यंत पोहोचत नाही आणि दह्या-अंड्यातील प्रथिने रंग स्वतःच धरून बसतात. आपल्या खानापूरकडे आषाढ-श्रावणात हवा इतकी गार असते की उन्हाळ्यात तीन-चार तासांत तयार होणारी मेंदी रात्रभर लागते, त्यामुळे घड्याळापेक्षा भांड्याकडे पाहावे. वरचा थर तपकिरी पडला आणि चमच्याने तो सारताच आत हिरवे दिसले की रंग सुटला आहे. खात्रीसाठी बोटभर लगदा तळहातावर ठेवून पाच मिनिटांनी पुसावा. नारिंगी डाग उमटला तर लावायला घ्यावी. लोखंडी कढईतील मेंदी, विशेषतः चहाचे पाणी घातलेली, थोडी काळपट होते हे खरे, कारण लोखंडाचा टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग होतो. पण त्याने पांढरा केस काळा होत नाही.

मेंदी दोन-तीन तासांनी नुसत्या पाण्याने धुतल्यावर त्याच केसांवर निळीच्या पानांची पूड लावावी. (कपड्यांना घालायची नीळ ही नव्हे, ती चुकूनही डोक्याला लावू नये.) ही पूड कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवावी आणि दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यावी, कारण तिचा रंग लवकर उतरतो. तासाभराने धुतल्यावर केस किंचित हिरवट दिसले तरी घाबरू नये. दोन दिवसांत रंग स्थिरावतो, तोवर शाम्पू टाळावा. आपली त्वचा एकदा दुखावलेली असल्याने हे सारे त्वचा पूर्ण बरी झाल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच करावे. त्याआधी दोन्ही लगद्यांचा एकेक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी.

प्रश्न : मी निपाणीचा असून बरीच वर्षे बाजारातील डाय लावतो. आता मेंदीकडे वळायचे आहे. काही धोका आहे का?

उत्तर : शुद्ध मेंदी डाय केलेल्या केसांवर चालते. धोका उलट्या बाजूने असतो : मेंदीच्या काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात, आणि त्यावर पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडचा डाय चढवला तर केस तापून तुटू शकतात. कंगव्यात निघालेले केस जमवून त्यांवर आधी प्रयोग करावा. मेंदी पुसून काढता येत नाही, ती केस वाढून कापल्यावरच जाते, हे ध्यानात ठेवूनच सुरुवात करावी.

प्रश्न : परसातल्या कुंपणाची ताजी मेंदी वाटून केसांना लावली तर चालेल का? दोन वर्षांच्या नातीलाही लावायची आहे. (चिकोडी)

उत्तर : आपल्याला चालेल, पण पाट्यावर कितीही वाटली तरी चोथा केसांत अडकतो आणि धुताना केस ओढले जातात. पाने सावलीत कडक वाळवून कुटावीत आणि पूड सुती कापडातून गाळून घ्यावी. नातीला मात्र लावू नये. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये त्वचेतून शोषलेल्या लॉसोनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, आणि ही कमतरता तपासणीवाचून घरच्यांना समजत नाही.