इंग्रजीतले इन, ऑन, ॲट, फॉर, सिन्स हे शब्द बिनचूक वापरायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची आणि आता बडोद्यात बी.कॉम.चं दुसरं वर्ष. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण लिहायला बसलं की या छोट्या शब्दांचा घोळ होतो आणि तक्ते पाठ करूनही तो जात नाही.

तक्ते बाजूला ठेवा आणि आधी स्वतःच्या मराठीकडे बघा. मी बडोद्यातच कॉलेजच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. माझं ठाम मत आहे की मराठी माणसाच्या इथल्या बहुतेक चुका त्याच्या प्रत्ययांमधून येतात, त्यामुळे त्या दुरुस्तही तिथूनच कराव्या लागतात. इंग्रजीलाही पूर्वी विभक्तीचे प्रत्यय होते. काळाच्या ओघात ते बहुतेक झडले आणि त्यांचं काम नामाच्या आधी येणाऱ्या या शब्दांवर आलं. आपले प्रत्यय मात्र अजून शाबूत आहेत. म्हणजे काम तेच आहे, फक्त वाटणी वेगळी झालीय.

‘बाबा घरी आहेत’ आणि ‘बाबा घरात आहेत’ यांची तुम्ही सहसा अदलाबदल करत नाही. फोनवर कोणी विचारलं तर ‘घरी आहेत’. अंगणात नाहीत, आत आहेत, असं सांगायचं असेल तर ‘घरात’. इंग्रजीत पहिलं ॲट होम, दुसरं इन द हाऊस. गुजरातीतही ‘घरे’ आणि ‘घरमां’ असा हाच भेद आहे. ॲट म्हणजे नकाशावर बोट ठेवावं तशी जागा, इन म्हणजे चारी बाजूंनी वेढलेलं, ऑन म्हणजे पृष्ठभागाला टेकलेलं. मैत्रिणीला आपल्या बडोद्याच्या सूरसागर तळ्याला भेटायचं असेल तर ॲट सूरसागर. शंकराची मूर्ती तळ्याच्या मधोमध आहे, म्हणून इन द मिडल ऑफ सूरसागर. पाण्यावर तरंगणारं पान ऑन द वॉटर. तळं एकच आहे, आपण त्याच्याकडे कसं बघतो त्यावर शब्द ठरतो. हे एकदा मनात बसलं की पुष्कळ वाक्यं आपोआप बरोबर येतात.

जिथे मराठीचा एक प्रत्यय इंग्रजीत तीन-चार ठिकाणी फुटतो, तिथे मात्र आपण हटकून घसरतो. ‘वर’ घ्या. पुस्तक टेबलावर, इथे ऑन बरोबर. पण ‘स्टेशनवर भेटू’ म्हणजे ॲट द स्टेशन. ‘बाबा कामावर गेलेत’ म्हणजे ते ॲट वर्क आहेत. जेवायला ‘टेबलावर बसा’ म्हणतो तेव्हा ॲट द टेबल म्हणायचं, कारण ऑन द टेबल म्हटलं तर माणूस ताटांच्या जागी बसेल. ‘तो माझ्यावर चिडला’ याचं अँग्री विथ मी होतं. आणि ‘मध्ये’चं सांगायचं तर आपण कारमध्ये आणि बसमध्येही असतो, इंग्रजीत इन द कार पण ऑन द बस. साधारणपणे ज्या वाहनात उठून चालता येतं, त्याला ऑन लागतं: बस, रेल्वे, विमान, जहाज. रिक्षाला इन.

‘ने’ही असाच. लायब्ररी सयाजीरावांनी सुरू केली: द सेंट्रल लायब्ररी वॉज फाउंडेड बाय सयाजीराव इन 1910. बसने आलो, बाय बस. पण सुरीने कापलं, विथ अ नाइफ, आणि घाईने निघालो, इन अ हरी. करणारा असेल तर बाय, हातातलं साधन असेल तर विथ, एवढं धरून चाललात तरी पुष्कळ झालं.

वेळेच्या बाबतीत मराठी फार उपयोगी पडत नाही. ‘सकाळी’, ‘सोमवारी’, ‘रात्री’ या तिन्हींत आपला एकच ‘ई’ आहे, तर इंग्रजीत इन द मॉर्निंग, ऑन मंडे, ॲट नाइट. हे सरळ पाठ करा: घड्याळातली वेळ ॲट, वार आणि तारीख ऑन, महिना आणि वर्ष इन. वार आणि सकाळ एकत्र आले तर वाराचा शब्द चालतो, ऑन मंडे मॉर्निंग. नवरात्रात गरब्याला जाता तेव्हा ड्युरिंग नवरात्री. आणि नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांपैकी काही आलं की आधी काहीच लावायचं नाही. ‘पुढच्या सोमवारी’ म्हणजे नुसतं नेक्स्ट मंडे.

आता ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. बडोद्यात मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘सिन्स टू इयर्स’. मराठीत ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘2022 पासून’ दोन्हींना एकच शब्द, गुजरातीत दोन्हींना ‘थी’. घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी, दोन्ही एकाच दिशेला ढकलतात, म्हणून ही सवय इतकी घट्ट आहे. सुरुवातीचा क्षण सांगत असाल तर सिन्स: सिन्स 2022, सिन्स मंडे. किती काळ ते सांगत असाल तर फॉर: फॉर टू इयर्स. ‘पर्यंत’चंही तसंच. ‘पाचपर्यंत थांब’ म्हणजे तोवर थांबत राहा, अंटिल फाइव्ह. ‘पाचपर्यंत ये’ म्हणजे पाचच्या आत केव्हाही, बाय फाइव्ह. ऑफिसच्या ईमेलमध्ये इथे गडबड झाली तर समोरच्याला काम कधी हवंय हेच कळत नाही, म्हणून ही जोडी मी सगळ्यांत आधी शिकवते.

कधी कधी मराठी बरोबर रस्ता दाखवते आणि गुजराती चुकवते. ‘कुत्र्याची भीती वाटते’ यातला ‘ची’ म्हणजे ऑफ, आणि इंग्रजीत अफ्रेड ऑफच आहे. पण मनात ‘कूतराथी बीक लागे छे’ असेल तर हातून अफ्रेड फ्रॉम लिहिलं जातं. तुमची शाळा गुजराती माध्यमाची, तेव्हा चूक दिसली की वाक्य मनात कोणत्या भाषेत आलं होतं ते तपासा. उलटही होतं: ‘गणितात हुशार’वरून गुड इन मॅथ्स लिहिलं जातं, तिथे गुड ॲट पाहिजे. ‘लग्न कोणाशी झालं’ यातला ‘शी’ विथची आठवण करून देतो, पण इंग्रजीत मॅरिड टू.

ज्या चुकीकडे पुस्तकं फारसं लक्ष देत नाहीत, तिच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय. आपण ‘बसायला खुर्ची’, ‘लिहायला पेन’, ‘लिहायला कागद’, ‘राहायला घर’ म्हणतो. इथे खुर्चीवर, पेनने, घरात हे सगळे प्रत्यय गळून पडतात आणि ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. ‘मी राहतो ते घर’ यातही ‘त’ नाही. इंग्रजीत ते गळत नाहीत, ते शेवटी जाऊन उभे राहतात: अ चेअर टू सिट ऑन, अ पेन टू राइट विथ, पेपर टू राइट ऑन, द हाऊस आय लिव्ह इन. आपली मुलं ‘द हाऊस आय लिव्ह’ लिहून थांबतात आणि कुठे चुकलं ते त्यांना दिसत नाही, कारण मराठी कानाला ते पूर्ण वाटतं. यावर उपाय म्हणजे वाक्य सरळ करून पाहायचं. आय लिव्ह इन द हाऊस, यात इन आहे ना? मग उलटवल्यावरही तो कुठेतरी असलाच पाहिजे. प्रश्नातही तसंच, व्हॉट आर यू वेटिंग फॉर? वाक्याच्या शेवटी असा शब्द नको, असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. कवी ड्रायडन यांनी 1672 मध्ये अशा वाक्यांना नावं ठेवली होती, पण इंग्रज लोक त्याआधीही असंच बोलत होते आणि आजही बोलतात.

उरलेले शब्द क्रियापदासकट शिका. डिपेंड एकटं वहीत लिहू नका, डिपेंड ऑन लिहा. कोप विथ लिहा, त्यात अप नको. आणि काही क्रियापदांना काहीच लागत नाही हेही तिथेच लिहा. ‘विषयाबद्दल चर्चा’ आपण म्हणतो, पण डिस्कसला अबाउट लागत नाही. ‘स्टेशनला पोचलो’मधल्या ‘ला’मुळे रीच टू लिहावंसं वाटतं, तिथे टू नको. अराइव्हला मात्र लागतं: ॲट द स्टेशन, पण इन वडोदरा. ‘घरी जा’ म्हणजे गो होम, मध्ये टू नाही.

हे सगळं बघायला इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथल्या विद्यार्थ्यांच्या गरजा पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा कोश केला. तो 1942 मध्ये जपानमध्येच छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला. कोणत्या क्रियापदाच्या मागे काय येतं ते अशा कोशात उदाहरणासह दिलेलं असतं. आज ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांचेही असे कोश मोबाइलवर फुकट बघता येतात. अर्थ माहीत असलेला शब्दही उघडा आणि फक्त त्याच्या पुढचा छोटा शब्द बघा.

सरावासाठी इंग्रजी बातमीचा एक परिच्छेद घ्या, त्याचं मराठी करा, बातमी झाका आणि मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहा. मग मूळ मजकुराशी ताडून बघा. जिथे फरक पडला, तिथे मराठीतला कोणता प्रत्यय होता ते शेजारी लिहा. थोड्याच दिवसांत तुमचे दोन-तीन ठरावीक प्रत्यय पुन्हा पुन्हा दिसायला लागतील. तेवढ्यांवरच मेहनत घ्या. ताडताना एक लक्षात ठेवा: ब्रिटिश मजकुरात ॲट द वीकेंड असेल आणि अमेरिकन मजकुरात ऑन द वीकेंड, दोन्ही बरोबर आहेत, फक्त एका लिखाणात एकच ठेवा.