‘तुम्ही किती समाधानी आहात?’

नाशिकमधल्या नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: टाइप वन मधुमेहाच्या रुग्णांना शुगर तपासण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल काय वाटतं, याची प्रश्नावली मराठीत करायची आहे. ‘सॅटिस्फॅक्शन’साठी समाधान, संतुष्टी की तृप्ती? आणि ‘रक्तशर्करा तपासणीबाबत तुम्ही किती समाधानी आहात?’ हे वाक्य बरोबर आहे का?

तृप्ती जेवणानंतरची, ती सोडा. संतुष्टी हिंदीकडून आलेली वाटते. मराठीत खरे रुळलेत ते ‘असंतुष्ट’, तेही तिकीटवाटपाच्या दिवसांत. उरतं समाधान. मथळ्यात ते बिनधास्त वापरा. वाक्यही व्याकरणात चोख आहे, पण प्रश्न म्हणून ते ठेवू नका.

‘समाधानी’ हे आपल्याकडे स्वभावाचं विशेषण आहे. ‘बाई मोठी समाधानी’ म्हणजे कुरकुर न करणारी. शिवाय समाधान ‘मानता’ येतं. लासलगावला कांद्याचा भाव पडला की शेतकरी मिळेल त्यात समाधान मानतो; म्हणून तो भाव त्याला पटलेला असतो असं नाही. वस्तूबद्दल बोलायचं तर शब्द बदलतो: गंगापूर धरणातला साठा ‘समाधानकारक’ असतो, समाधानी नव्हे. आता रोज चार-पाच वेळा पोराचं बोट टोचणाऱ्या आईला ‘समाधानी आहात का?’ विचारलं, तेही दवाखान्यात, तर ती म्हणणार, ‘हो, समाधान आहे की.’ तिने मशीनला गुण दिलेले नाहीत. आपण तक्रारखोर नाही एवढंच सांगितलं. आणखी एक गोंधळ आकड्याचा. ‘सकाळी 120 आली, समाधान वाटलं’ यात समाधान आहे ते आकड्याचं, तपासण्याच्या पद्धतीचं नाही.

गंमत अशी, की भाषांतराच्या नेहमीच्या तपासणीत हे सापडणारच नाही. भाषांतर पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहतात, तेव्हा ‘समाधान’चं ‘सॅटिस्फॅक्शन’ होऊन ते सुखरूप परत येतं. अर्थ मधल्या मधे सरकलेला असतो.

मग काय करावं? समाधान फोडून विचारावं. मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ग्लुकोज तपासणीबद्दलच्या समाधानाची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्या टाइप वनसाठीच्या आवृत्तीत 15 विधानं आणि चार गट आहेत. त्या चौघांना मराठीत फार चांगले शब्द आहेत. एक मोकळीक, म्हणजे मधुमेहाने बांधून टाकल्यासारखं न वाटणं (‘मोकळेपणा’ नको, तो बोलण्यातला). दुसरा मनाचा ताण. ‘भावनिक ओझं’ला भाषांतराचा वास येतो, त्यापेक्षा ‘आकडा बघायची धास्ती वाटते’ लगेच कळतं. तिसरी कटकट, म्हणजे वेळ आणि व्याप. चौथा भरवसा, आणि माझ्या मते सर्वांत बोलका हाच. दंडावर चिकटवलेला, सतत मोजत राहणारा सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातली शुगर मोजतो. त्यामुळे शुगर झपाट्याने उतरताना त्याचा आकडा काही मिनिटं मागे राहू शकतो. हात थरथरतायत, घाम फुटलाय आणि पडदा अजून 90, म्हणजे ठीकठाक, दाखवतोय, अशा वेळी माणूस मशीन आणि तिची पट्टी घेऊन बोट टोचतो. त्याला ‘भरवसा वाटतो का?’ विचारा, तो थांबून विचार करून बोलेल.

नकारार्थी विधानं मात्र जपून. ‘तपासताना मला त्रास होत नाही’ यावर कोणी ‘नाही’ म्हणालं, तर ‘नाही होत’ की ‘नाही, होतो’? मराठीत दोन्ही निघतं. विधान सरळ करा: ‘त्रास होतो’. ‘तुम्हाला’ही फसवं आहे. आईपुढे कागद ठेवला की ती घरादाराच्या वतीने उत्तर देते. मुलाचं हवं असेल तर त्यालाच ‘तुला’ म्हणून विचारा. उत्तरांतल्या मधल्या पर्यायाला ‘तटस्थ’ लिहू नका, मतदानाला बसल्यासारखं वाटतं. ‘धड हो नाही, धड नाही नाही’ लांब आहे, पण लोक असंच बोलतात.

प्रसिद्ध मोजपट्टीचे शब्द आपल्या मनाने बदलता येत नाहीत, मालकी हक्क असलेल्यांची परवानगी लागते. मसुदा झाला की चार-दोन रुग्णांना प्रत्येक वाक्य वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ एवढंच विचारा. सिन्नर-निफाडकडची माणसंही त्यात असू द्या.

‘रक्तशर्करा’ तर काढूनच टाका. ‘शुगर’ लिहा.