नाव बघून उचलू नका, ओव्हर मोजा

आयपीएल तोंडावर आली की या सदराची टपालपेटी एकाच विषयाने भरते. पूर्वी लोक विचारायचे ॲपवर टीम कुठली लावू, आता बहुतेकांचा प्रश्न आपापसातल्या ड्राफ्टचा असतो, म्हणजे सात-आठ जण एकत्र बसायचं, पाळीपाळीने एकेक प्लेयर उचलायचा, एकाने घेतला की तो दुसऱ्याला नाही, आणि मग दोन महिने एक्सेलची शीट आणि भांडणं. बरेचसे प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र करून घेतलेत. पॉइंटचा हिशोब सगळीकडे साधा धरलाय, एक रन एक पॉइंट आणि एक विकेट 25. तुमच्याकडे कॅच, सिक्स, स्ट्राइक रेटचे वेगळे असतील तर आकडे थोडे हलतील.

अंबडला कंपनीत आम्ही आठ जण ड्राफ्ट करतो, चिठ्ठ्या टाकल्या तर माझा नंबर आठवा आला. दरवर्षी माझंच नशीब असं. सगळे चांगले प्लेयर माझ्याआधी जाणार, मग खेळू तरी कशाला?
*– एक वाचक, सिडको*

अहो आधी सांगा, ड्राफ्ट सापासारखा वळतो ना? म्हणजे पहिला राउंड एक ते आठ आणि दुसरा आठ ते एक असा उलटा? तसा असेल तर रडायचं काही कारणच नाही, तुम्हाला 8 वा आणि 9 वा असे दोन पिक, म्हणजे उचलायच्या दोन पाळ्या, लागोपाठ मिळतात, पहिल्या नंबरवाल्याला एक हिरा मिळतो पण मग तो थेट 16 व्या पिकापर्यंत हात चोळत बसतो. (सरळ एक ते आठ, परत एक ते आठ असा करत असाल तर मात्र तुम्हाला सगळ्यांनी मिळून येडा बनवलंय, पुढच्या वर्षी नियम बदलून घ्या.)

तुमची खरी अडचण वेगळी आहे. 9 व्या पिकानंतर तुमचा नंबर येतो डायरेक्ट 24 ला, मधे 14 प्लेयर जातात. या मधल्या वेळात एकाने कीपर घेतला की दुसऱ्याला धडकी भरते, तो पण कीपर घेतो, तिसरा पण, आणि तुमची पाळी येईपर्यंत चांगले कीपर संपलेले असतात. कोपऱ्यावर बसणाऱ्याला ही रांग पकडता येत नाही, त्यामुळे ती त्याने स्वतः सुरू करायची. जी जागा लवकर आटणार असं वाटतंय तिथला एक माणूस 8-9 च्या जोडीत उचलून मोकळं व्हा, भले बाकीचे हसले तरी. 24-25 ला परत जोडी आहेच.

सर, पहिला पिक बॅट्समन घ्यावा की बॉलर? माझा भाऊ म्हणतो ओपनर सोडून काही घेऊच नको. मी म्हणते ऑलराउंडर. घरात रोज वाद.
*– एक वाचक, नाशिकरोड*

ताई, तुमचं जास्त बरोबर आहे, पण अर्धंच.

2024 चं बघा. विराट कोहलीने 741 रन काढून सगळ्यात जास्त रनची ऑरेंज कॅप घेतली, म्हणजे आपल्या हिशोबात 741 पॉइंट. हर्षल पटेलची सगळ्यात जास्त विकेटची पर्पल कॅप 24 विकेटवर, म्हणजे 600. आणि सुनील नारायणकडे दोन्हीपैकी एकही कॅप नाही, पण त्याचे 488 रन आणि 17 विकेट, बेरीज करा, 913. कोहलीपेक्षा 172 जास्त! कारण त्या सीझनला तो ओपनिंगही करत होता आणि चार ओव्हरही टाकत होता. ड्राफ्टमधे सोनं म्हणतात ते हेच, एकाच जागेवर दोन माणसांचं काम.

आता भाऊ कुठे चुकत नाही ते सांगतो. ओपनरला बॉल सगळ्यात जास्त खेळायला मिळतात. टी20 मधे एका इनिंगला 120 बॉल, त्यातले सहाव्या नंबरवाल्याच्या वाट्याला कधी दहा येतात कधी चार, तो कितीही मोठा हिटर असला तरी चार बॉलमधे किती मारणार. बॉलरचं पण तसंच, चार ओव्हर पूर्ण टाकतो का आणि कुठल्या टाकतो ते बघा. शेवटच्या ओव्हरमधे लोक आंधळे फिरवतात, बाउंड्रीवर कॅच जातात, रन पडले तरी विकेट मिळतात, आणि आपल्याला विकेटच पाहिजे.

पण यादीत ऑलराउंडर लिहिलंय म्हणून झडप घालू नका. 2023 पासून इम्पॅक्ट प्लेयर आलाय, म्हणजे मॅच चालू असताना एकाला बाहेर काढून दुसरा खेळवता येतो, त्यामुळे टीमला जादा बॉलर मिळतो आणि अर्धवट बॉलिंग करणाऱ्यांच्या हातात बॉल येतच नाही. शिवम दुबेने 2024 ला चेन्नईकडून बॅटने धुतलं पण बॉलिंग जवळपास केलीच नाही. असा माणूस ऑलराउंडरच्या खात्यात असला तरी तुमच्या शीटवर तो फक्त मिडल ऑर्डर बॅट्समन आहे.

आता उरलेलं अर्धं. पहिल्या पिकाला "सगळ्यात जास्त पॉइंट कोण देईल" हा प्रश्नच नाहीये. प्रश्न हा, की याला आत्ता सोडला तर त्याच जागेवर मला पुढच्या पाळीला कोण मिळेल, आणि दोघांत फरक किती? दहा टीम म्हणजे वीस ओपनर. तुम्ही आठ जणांनी दोन-दोन घेतले तरी चार उरतात, म्हणजे चौथ्या राउंडला सुद्धा बरा ओपनर सापडतो. चार ओव्हर टाकून वरच्या पाचात बॅटिंग करणारे किती? बोटावर मोजा, एक हात पुरतो बऱ्याचदा. ड्राफ्टच्या आदल्या रात्री प्रत्येक जागेची यादी काढा आणि कुठे एकदम दरी पडते तिथे लाल रेघ मारा, रेघेच्या वरची माणसं आधी.

आणि हो, मागच्या वर्षीचा आकडा म्हणजे या वर्षीची गॅरंटी नव्हे. नारायणचंच 2025 हे 2024 एवढं गेलं नाही.

लिलावात ज्याला जास्त पैसे मिळाले तो जास्त चांगला ना? मग त्याच क्रमाने पिक केलं तर काय बिघडलं? मला एवढी आकडेमोड जमत नाही.
*– एक वाचक, गंगापूर रोड*

बिघडलं तुमचंच. 2025 च्या सीझनला ऋषभ पंत 27 कोटीला गेला, आयपीएलच्या लिलावातला तोवरचा सगळ्यात महाग, आणि रन किती? 269. त्यातले 118 एकाच, अगदी शेवटच्या मॅचला, म्हणजे बाकीच्या सगळ्या मॅच मिळून 151. व्यंकटेश अय्यर 23.75 कोटी, रन 142. ज्यांनी हे दोघे पहिल्या राउंडला घेतले असतील त्यांचा मे महिना कसा गेला असेल त्यांनाच माहीत.

प्लेयर वाईट असतो असं नाही हो. फ्रँचायझी पैसे देते ते तिला कॅप्टन पाहिजे, कीपर पाहिजे, परदेशी फक्त चारच खेळवता येतात म्हणून भारतीय पाहिजे, पोस्टरवर चेहरा पाहिजे, यातलं तुमच्या शीटवर एक रन सुद्धा चढत नाही. उलट 2025 चीच चेन्नई बघा, दहावी, म्हणजे तळाला. आणि त्याच टीमचा नूर अहमद 24 विकेट घेऊन बसला, 600 पॉइंट. "हारणाऱ्या टीमचा नको" म्हणून त्याला सोडणारे कितीतरी असतील. हारणाऱ्या टीमचं नुकसान एवढंच की लीगच्या 14 मॅच झाल्या की दुकान बंद, प्लेऑफ खेळणाऱ्यांना एक ते तीन जास्त मिळतात. त्याच सीझनला प्लेऑफ खेळलेल्या मुंबईच्या सूर्यकुमारच्या 717 रन 16 मॅचमधल्या आहेत, आणि त्या सोळाही वेळा तो 25 च्या पुढे गेला. असला माणूस दर आठवड्याला हिशोब होणाऱ्या लीगमधे तर फारच कामाचा.

आकडेमोड नको असेल तर एकच करा, प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा, कितव्या नंबरला येतो आणि किती ओव्हर टाकतो. पैशाचा रकाना खोडून टाका.

आमच्या ग्रुपमधे ठरलंय की प्रत्येकाने हजार रुपये ऑनलाइन टाकायचे आणि जिंकणाऱ्याने सगळे न्यायचे. आधी ॲपवर चालायचंच की. आता काही प्रॉब्लेम आहे का?
*– एक वाचक, पाथर्डी फाटा*

आहे. ऑगस्ट 2025 मधे संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून जिंकायचे ऑनलाइन गेम बंद केले, मोठ्या फँटसी ॲपनी त्याच आठवड्यात पैशाच्या स्पर्धा गुंडाळल्या. त्यात हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद बाजूलाच ठेवलाय, पैसे भरून पैसे जिंकायचे असतील तर दोन्हीला तोच नियम. नुसता खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. आता मित्रांच्या ग्रुपला हे कुठवर लागू होतं ते वकिलाला विचारा, मला एवढंच दिसतंय की पैसे गोळा करणार कोण, तुम्ही, आणि वाटणार कोण, तेही तुम्हीच. कशाला ती कटकट. शेवटच्या नंबरवाल्याने सगळ्यांना मिसळ घालायची, एक्स्ट्रा पाव त्याच्याच खात्यावर, आणि वर्षभर ग्रुपच्या डीपीला त्याचा फोटो. लोक हजार रुपयांपेक्षा त्या फोटोला जास्त घाबरतात.

दादा मी इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर आम्ही इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगचा ड्राफ्ट करतो. स्ट्रायकर आधी घ्यायचा ना? गोल तेच मारतात.
*– एक वाचक, पंचवटी*

गोल कोण मारतो यापेक्षा प्रीमियर लीगच्या फँटसी गेमने त्याला कुठल्या खात्यात टाकलंय ते बघ. फॉरवर्डच्या गोलला 4 पॉइंट, मिडफिल्डरच्या 5, डिफेंडरच्या 6. सालाह खेळतो विंगवर, गोल मारतो स्ट्रायकरसारखे, पण यादीत मिडफिल्डर. 2024-25 ला त्याचे 29 गोल, 18 असिस्ट आणि 344 पॉइंट झाले, या गेमचा रेकॉर्ड. म्हणजे "मिडफिल्डर पण पुढे खेळतो" असली नावं आधी शोध.

ड्राफ्टमधे कॅप्टन नसतो हे विसरू नको. नेहमीच्या गेममधे हालांडसारख्या स्ट्रायकरला कॅप्टन करून डबल पॉइंट घ्यायची सवय झालेली असते, इथे तो डबल होत नाही, त्यामुळे एका सुपरस्टारपेक्षा रोज नव्वद मिनिटं खेळणारे अकरा जण जास्त कामाचे. आणि 2025-26 पासून टॅकल, क्लिअरन्स वगैरे ठराविक आकड्यापर्यंत नेले की 2 पॉइंट मिळायला लागलेत, त्यामुळे छोट्या टीमचे सेंटर बॅक, ज्यांच्यावर दर मॅचला हल्ले होतात, ते उशिराच्या राउंडला चांगले पडतात. गोलकीपर शेवटी घे. अगदी शेवटी.

प्रो कबड्डीत रेडर की डिफेंडर?
*– एक वाचक, सातपूर*

रेडर. एका सीझनमधे प्रदीप नरवालने 369 रेड पॉइंट काढलेत (2017), आणि डिफेन्समधे पहिल्यांदा शंभरी गाठली ती नितेश कुमारने (2018). तुमच्या लीगमधे टॅकलला जास्त गुण असतील तरी आधी टीमचा मेन रेडर, मग दोन्ही टोकांचे डिफेंडर, म्हणजे लेफ्ट-राइट कॉर्नर. दोन नंबरचा रेडर मात्र नको, मेन रेडर आत असला की याला रेडच मिळत नाही.

मी गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेटच्या मॅच बघत मोठा झालो. आपल्या नाशिकचा प्लेयर टीममधे असावा असं दरवेळी वाटतं, मित्र म्हणतात मूर्ख आहेस. आणि दुसरं, जखमी बुमराह मिळत असेल तर घेऊ का?
*– एक वाचक, मखमलाबाद*

दुसरं आधी. 2025 ला बुमराह पाठीच्या दुखण्याने मुंबईच्या पहिल्या चार मॅच नव्हता, तरी 12 मॅचमधे 18 विकेट, 450 पॉइंट. बाकीचे घाबरून त्याला तिसऱ्या-चौथ्या राउंडपर्यंत सोडत असतील तर डोळे झाकून घ्या, फक्त बेंचवर त्या चार मॅचपुरता एक बॉलर ठेवा. पण "कधी येईल माहीत नाही" अशी बातमी असेल तर नको, चेन्नईचा ऋतुराज गायकवाड त्याच सीझनला कोपराच्या दुखापतीने गेला तो परत आलाच नाही.

आता आपला माणूस. रामकृष्ण घोष नाशिकचा, चेन्नईने 30 लाखाला घेतला, आणि 2025 ला एकही मॅच नाही. लोकल लीगमधला राजा आयपीएलमधे बेंचवर बसतो हे नेहमीचंच, 2023 ला एमपीएलमधे, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीगमधे, ईगल नाशिक टायटन्सकडून सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने 54 बॉलमधे 117 मारले, 13 सिक्स, वर चार विकेट, एका मॅचमधे आपल्या हिशोबाने 217 पॉइंट! आणि पुढच्या वर्षी लखनऊने घेतला तर खेळायला किती मिळालं? मोजकंच. त्यामुळे एमपीएलचा ड्राफ्ट करत असाल तर नाशिकवाले बिनधास्त वर घ्या, तिथे तुम्ही त्यांना मैदानावर बघितलेलं असतं आणि पुण्याच्या मित्राने नसतं, हा तुमचा खरा फायदा आहे. आयपीएलला मात्र शेवटच्या राउंडला. तो पिक तसाही कुणाचाच खेळत नाही, मग आपला मुलगा बसू दे की तिथे, आणि खेळला त्या दिवशी ग्रुपवर पहिला मेसेज तुमचा.

ता.क. – ड्राफ्टच्या तारखा विचारणाऱ्यांना एकच, पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री ठेवा, महिनाभर आधी नको. मधल्या काळात कोण जखमी होतो, कोण नाव काढून घेतो आणि कोणाच्या जागी कोण येतो याचा भरवसा नसतो, आणि मग अर्धा ग्रुप पिक बदलून द्या म्हणून तुमच्या मागे लागतो.