अनुवादाचं संशोधन: निकाल आधी लावू नका

लघुप्रबंधाचे विषय ठरवण्याच्या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: एम.ए.साठी मी ‘सिद्धरामेश्वरांच्या वचनांचे मराठी अनुवाद: एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय दिला. गाईड म्हणतात, फार मोठा आहे. आमच्या घरात कन्नड बोलतात, मला दोन्ही भाषा येतात. मग अडचण काय? (विद्यार्थिनी, अक्कलकोट)

विषय सुरेख आहे. सोलापूरच्या मुलीने तो घ्यायचा नाही तर कुणी? बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर सोलापूरचे, त्यांची वचनं (भक्तिपर मुक्त रचना) कन्नडमधली, आणि आज त्यांच्या यात्रेत मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे एकाच नंदीध्वजामागे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठीमागे, चालतात.

अडचण अशी, की तुमच्या शीर्षकात प्रश्नच नाही. ‘चिकित्सक अभ्यास’ म्हटलं की प्रबंध हळूहळू शेऱ्यांकडे वळतो: हा अनुवाद सरस, तो नीरस, इथे मूळ भाव हरवला. असे शेरे परीक्षणात शोभतात. संशोधनात विचारायचं ते हे, की अनुवाद असा का झाला? जेम्स होम्स यांनी १९७२ साली कोपनहेगनच्या परिषदेत अनुवादविद्येचा आराखडा मांडला, तेव्हा वर्णनात्मक अभ्यासाला त्यात स्वतंत्र जागा दिली. पुढे गिडियन तूरी यांनी त्या शाखेची पद्धत बसवली. अनुवादक कोणत्या संकेतांना धरून निवड करतो, हे त्या पद्धतीत शोधायचं असतं.

म्हणून विषय खाली उतरवा. वचनाला ठरावीक वृत्त नसतं, त्याची लय मोकळी असते. मराठी अनुवादकाच्या कानात मात्र अभंग आणि ओवी असतात. तेव्हा असा प्रश्न घेता येईल: दोन अनुवादकांनी ही मोकळी लय मराठीत कशी हाताळली? वचनाच्या शेवटी येणाऱ्या ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या अंकिताचं, म्हणजे कवीची खूण असलेल्या देवाच्या नावाचं, काय केलं? ते तिथेच ठेवलं, जागा बदलली की गाळलं? या गोष्टी मोजता येतात, दाखवता येतात आणि दुसऱ्याला तपासता येतात.

वचनं निवडताना आवडीची उचलू नका, नाहीतर मनातलं उत्तरच परत हाती येईल. दोन्ही अनुवादांत असलेल्या वचनांची यादी करा आणि त्यातलं दर पाचवं घ्या. अनुवादकाने कोणती कन्नड संहिता वापरली, अनुवाद थेट कन्नडमधून आला की हिंदी-इंग्रजीतून, हे सगळ्यात आधी शोधा. ते कळेपर्यंत ‘इथे चूक झाली’ असं एक वाक्यही लिहू नका; चूक वाटते ती कदाचित मूळ मजकुराच्या वेगळ्या पाठाची खूण असेल. प्रस्तावना वाचा, पण अनुवादक तिथे जे सांगतो ते त्याने पानोपानी केलंच असेल असं धरून चालू नका. सांगणं आणि करणं यांतलं अंतर हासुद्धा तुमचा डेटा आहे.

शेवटी, लय आणि अंकित कसं हाताळलं याची जी वर्गवारी तुम्ही कराल, तिचा थोडा भाग कन्नड जाणणाऱ्या मैत्रिणीला स्वतंत्रपणे करायला द्या. दोघींची वर्गवारी फारशी जुळली नाही, तर वर्गांच्या व्याख्या पुन्हा लिहाव्या लागतील.

प्रश्न: सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजी येतात, सीमेपलीकडचे कन्नड रुग्णही येतात. डॉक्टरांशी बोलताना नातू किंवा सून मध्ये दुभाष्याचं काम करते. मला यावर काम करायचं आहे. मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं तर चालेल का? (विद्यार्थी, विडी घरकुल)

परवानगीशिवाय अजिबात नाही. ‘आवाजच तर आहे, चेहरा कुठे दिसतो’ हा बचावही चालणार नाही. आजाराबद्दलचं बोलणं ही माणसाची अत्यंत खासगी गोष्ट आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी संबंधित सामाजिक संशोधनालाही लागू होतात. म्हणजे आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मग रुग्णालयाची परवानगी आणि त्यानंतर प्रत्येकाची संमती. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत हवं. तेलुगू आजींकडून मराठी कागदावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. जो नातू दुभाष्याचं काम करतोय त्याच्यामार्फतच ते समजावू नका, त्यासाठी तिसरी व्यक्ती आणा. नातू अठराच्या आतला असेल, तर पालकांची परवानगी आणि त्याचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

एवढा खटाटोप करावा असाच हा विषय आहे. स्वीडनच्या सेसिलिया वाडेनशो यांनी स्वीडिश-रशियन दुभाष्यांच्या प्रत्यक्ष संभाषणांची ध्वनिमुद्रणं अभ्यासून १९९८ साली दाखवून दिलं, की दुभाषी फक्त वाक्यं इकडून तिकडे नेत नाही. कोण कधी बोलणार, काय स्पष्ट करून घ्यायचं, हेही तो सांभाळतो. तिथले दुभाषी नेमलेले होते. आपल्याकडे तो घरचा माणूस असतो. सून सासूच्या पाळीबद्दल डॉक्टरांना काय सांगते आणि काय गिळते, मुलगा आईला कॅन्सरचं निदान सांगतो का, याची नोंद कुणीतरी शास्त्रशुद्ध करायला हवी. उपचार त्यावर अवलंबून असतात.

एम.ए.च्या मुदतीत मंजुरी मिळेलच असं नाही. मग अभिनित प्रसंग घ्या: स्वयंसेवक रुग्ण, स्वयंसेवक डॉक्टर, काल्पनिक आजार. त्यातून खऱ्या ओपीडीतली घाई दिसणार नाही, हे मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. प्रतिलेखन, म्हणजे ऐकलेलं बोलणं लिहून काढणं, तीन ओळींत करा: मूळ तेलुगू देवनागरीत, खाली शब्दशः अर्थ, त्याखाली सहज मराठी. नुसती मराठी ओळ ठेवलीत, तर परीक्षकाला तपासायला काहीच उरत नाही. ‘एलान’ हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला चांगलं आहे.

प्रश्न: अनुवादकांच्या मुलाखती किती घेतल्या म्हणजे पुरे?

ठरीव आकडा नाही. नव्या मुलाखतीतून नवा मुद्दा येईनासा झाला की थांबा, आणि तसं झालं हे कशावरून ठरवलंत ते लिहा. मुलाखतीला जाताना त्यांच्या अनुवादाचं एखादं पान आणि मूळ मजकूर सोबत न्या. ‘तुमची भूमिका काय?’ असं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळतं. ‘या ओळीत हे का बदललंत?’ असं विचारलंत तर माहिती मिळते.

प्रश्न: गूगल ट्रान्सलेट आणि माणसाचा अनुवाद यांची तुलना करू का? सगळे तेच करताहेत.

करा, पण ‘माणूस श्रेष्ठ’ हा निष्कर्ष घरूनच घेऊन निघू नका. यंत्राचं उत्तर काळानुसार बदलतं, म्हणून तारीख, दिलेला मजकूर आणि आलेला मजकूर जसाच्या तसा जपून ठेवा. तपासणाऱ्यांना कोणता अनुवाद कुणाचा ते सांगू नका. आणि मुलाखतींची किंवा रुग्णांची ध्वनिमुद्रणं अशा सेवांवर चढवू नका. तशी संमती त्यांनी दिलेली नसते.

प्रश्न: मी न्यायालयात तेलुगू-मराठी दुभाषी होतो. निवृत्तीनंतर पीएच.डी. करायची आहे. माझे अनुभव पुरावा म्हणून चालतील का? (अशोक चौक)

तुमच्यासारख्यांनी या विषयात यायलाच हवं. अनुभवातून तुम्हाला जे प्रश्न सुचतील ते बाहेरच्या संशोधकाला सुचणार नाहीत. पुरावा मात्र दुसऱ्याला तपासता यावा लागतो. इथे एक मोठी पोकळी आहे. साक्षीची नोंद फक्त न्यायालयाच्या भाषेत असेल, तर साक्षीदार तेलुगूत नेमकं काय म्हणाला ते फायलीत सापडत नाही. म्हणजे मूळ संहितेशिवायच अनुवाद अभ्यासायचा. त्यामुळे फायलींवर सगळी भिस्त ठेवू नका. खुल्या न्यायालयात बसून टिपणं घ्या, बंद दरवाजाआड चालणारी प्रकरणं सोडा, सहकाऱ्यांच्या मुलाखती घ्या आणि तुमच्या आठवणींना वेगळं प्रकरण द्या. वाचन सुरू करण्याआधी त्या आठवणी लिहून काढा आणि त्यावर तारीख टाका. नंतर लिहिल्यात तर वाचलेले सिद्धांत त्यांत मिसळतील. फायली पाहण्यासाठी जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी अर्ज लागेल. तो गाईडच्या पत्रासह लवकर द्या.