फरगान्यात पाऊस नाही, मग कापूस कसा?

प्रश्न : बाबराच्या फरगाना खोऱ्यात मधल्या सपाटीवर वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो म्हणे. सोलापुरात त्याच्या दुपटीहून जास्त पडतो, तरी उन्हाळ्यात टँकर लागतात. तिथे कापूस कसा पिकतो? आणि बाबराचं गाव आज कोणत्या देशात आहे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तिथे पावसापेक्षा बर्फाचा हिशेब महत्त्वाचा. सुमारे ३०० किलोमीटर लांब आणि ७० किलोमीटर रुंद असं हे खोरं तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. पश्चिमेला खुजंदजवळ तेवढं अरुंद तोंड. हिवाळ्यातला बर्फ वसंतात वितळू लागतो आणि ऐन उन्हाळ्यात, कापसाला तहान लागते तेव्हाच, नद्या भरून वाहतात. आपल्या उलट! नारिन आणि कारादर्या नमंगानजवळ मिळून सिरदर्या होते. दक्षिणेच्या सोखसारख्या नद्यांचं पाणी मात्र पाटांतच संपतं, सिरदर्येपर्यंत पोचतच नाही. १९३९ साली दीड लाखाहून अधिक माणसांनी, बहुतेक कुदळ-फावड्यांनी, फरगान्याचा मोठा कालवा दीड महिन्यात खणला.

बिघडतं ते दोन ठिकाणी. नारिनवरचं तोक्तोगुल धरण किर्गिझस्तानात आहे. साठा १९.५ अब्ज घनमीटर, म्हणजे जवळपास ६९० टीएमसी. मृतसाठा धरूनही उजनी ११७ टीएमसी. किर्गिझांना थंडीत वीज हवी, म्हणून ते हिवाळ्यात पाणी सोडतात. खालच्या उझबेक शेतकऱ्याला आवर्तन हवं असतं उन्हाळ्यात. सोव्हिएत काळात उन्हाळ्यात पाणी सोडायचं आणि बदल्यात कोळसा, गॅस घ्यायचा, अशी सोय होती. १९९१ नंतर ती विस्कटली.

दुसरं दुखणं क्षारपडीचं, ते आपल्या ऊसपट्ट्याला सांगायला नको. भूजल वर चढतं, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्यावर तिथे पेरणीआधी वाफे बांधून शेतात पाणी कोंडतात आणि क्षार खाली धुऊन काढतात. पण निचऱ्याची चारी गाळाने बुजलेली असेल, तर ते पाणी जाणार कुठे? उलट भूजल आणखी वर येतं आणि उन्हं तापली की पांढरा थर पुन्हा दिसतो.

राहिला बाबर. तो १४८३ साली जन्मला ते अंदिजान आज उझबेकिस्तानात, जवळचं ओश किर्गिझस्तानात, तर खुजंद ताजिकिस्तानात. १९२४ पासून आखलेल्या सोव्हिएत सीमांची ही वाटणी. सोख तालुका तर उझबेकिस्तानचा, चहूबाजूंनी किर्गिझस्तान आणि बहुसंख्य लोकांची बोली ताजिक.