‘बलाढ्य पाच’ नव्हे, पुंजका!

विचारणा अशी : लोकगीतांच्या चाली वाद्यवृंदात आणणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या रशियन संगीतकारांना मराठीत ‘बलाढ्य पाच’ म्हणावं की ‘पंचक’? आणि त्यांचा म्होरक्या ‘बालाकिरेव’, त्याच्या नावाचा उच्चार काय?

दोन्ही नकोत. जो तो ‘बलाढ्य पाच’ म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. मूळ रशियन शब्द आहेत ‘मोगूचाया कूच्का’. मोगूचाया म्हणजे बलाढ्य, ते सोडा. कूचा म्हणजे ढीग, कूच्का म्हणजे छोटा ढीग. यात आकडा कुठे आहे? मे १८६७मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या स्लाव पाहुण्यांसाठी बालाकिरेवने एक मैफल केली. तिच्यावर लिहिताना समीक्षक व्लादिमीर स्तासोवने हा शब्द वापरला. मैफलीत बालाकिरेवची चेक चालींवरची ओव्हर्चर (वाद्यवृंदाची एक रचना) होती, रिम्स्की-कोर्साकोवची सर्बियन फँटसी होती, शिवाय आधीच्या पिढीतल्या ग्लिंका आणि दार्गोमिझ्स्की यांच्या रचना. पाचांतले उरलेले तिघे म्हणजे बोरोदिन, मुसोर्ग्स्की, क्यूई; त्यांचं त्या दिवशी काहीच वाजलं नाही, आणि ग्लिंकाला जाऊन तर दहा वर्षं झाली होती. पाचाची मोजदाद मागाहूनची.

इंग्रजीवाल्यांनी त्याचं ‘मूठभर’ केलं. ‘मूठभर मावळे’ कानात बसलेले, त्यामुळे आपल्याला ते लगेच पटतं. पण मुठीला रशियनमध्ये ‘गोर्स्त’ हा वेगळा शब्द आहे. त्यापेक्षा आपला ‘पुंजका’ घ्या. पुंज-पुंजका, कूचा-कूच्का! शिवाय स्तासोवच्या विरोधकांनी हाच शब्द उचलून या मंडळींची टिंगल केली. पुंजक्याची टिंगल होऊ शकते, ‘बलाढ्य पाचां’ची कशी करणार?

खरी गंमत पुढे आहे. ढिगाला स्लाव भाषांत आणखी एक शब्द आहे, ‘ग्रोमादा’. युक्रेनियनमध्ये तो ‘ह्रोमादा’ होतो आणि गावकऱ्यांचा समुदाय असा अर्थ देतो. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृत ‘ग्राम’! संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनिअर-विल्यम्स आधी ‘खेडं’ देतात, ‘समूह’ मागे ढकलतात. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी माणसांचा जमाव, मग त्याची वस्ती. आपल्या संगीतशास्त्राने जुना अर्थ जपलाय : षड्जग्राम म्हणजे षड्जाचं गाव नव्हे, स्वरांचा समूह. आता बालाकिरेवकडे बघा. १८६०मध्ये व्होल्गाकाठी फिरून त्याने चाली टिपल्या, १८६६मध्ये चाळीस गाण्यांचा संग्रह छापला. ग्लिंकाने तर १८४८मध्येच ‘कमारिन्स्काया’ या वाद्यवृंदाच्या रचनेत लग्नातलं संथ गाणं आणि नाचाची धून शेजारी ठेवून, त्यांतलं स्वरांचं साम्य हेरून एकीतून दुसरी काढून दाखवली होती. एका ग्रामातून दुसऱ्या ग्रामात जायचाच हा उद्योग! म्हणून खरं तर माझी पहिली पसंती ‘बलाढ्य ग्राम’ला, पुंजका त्यानंतर. लोक ग्रामपंचायत समजतील, असं एका भाषातज्ज्ञाने मला ऐकवलं. समजू देत. अर्थ विचारायला तरी येतील.

हां, उच्चार. लिहायचं बालाकिरेव, म्हणताना शेवटी ‘फ’.