संगणक क्षेत्रात जो बाजारात सर्वांत आधी उतरतो, त्याचेच यश कायम टिकते का?

माझ्या मते, नाही. मी १९९१ मध्ये मुंबईत फोर्टमधील एका लेखापरीक्षकांच्या कार्यालयात रुजू झालो, तेव्हा आमचे सगळे तक्ते लोटस कंपनीच्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅमवर होत असत आणि स्प्रेडशीट (ओळी-स्तंभांत आकडेमोड करणारा प्रोग्रॅम) म्हणजे लोटसच, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात वैयक्तिक संगणकावर पहिलेपणाचा मान व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटचा आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ते १९७९ मध्ये ॲपल-२ साठी आणले आणि केवळ त्याच्यासाठी लोक तो संगणक विकत घेऊ लागले.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि सारे चित्र पालटले. व्हिसिकॅल्क त्यावरही चालत असे, परंतु मुळात लहान यंत्रासाठी लिहिलेले असल्यामुळे नव्या यंत्रातील वाढीव मेमरीचा त्याला पुरेसा लाभ घेता आला नाही. शिवाय ते लिहिणारी कंपनी आणि विकणारी कंपनी यांच्यातला वाद ऐन मोक्याच्या वेळी न्यायालयात गेला. जानेवारी १९८३ मध्ये आलेले लोटस मात्र खास पीसीसाठीच घडवलेले होते, आणि १९८५ मध्ये लोटस कंपनीने व्हिसिकॅल्क लिहिणारी कंपनीच विकत घेतली.

पुढे लोटसच्याही वाट्याला तेच आले, आणि ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या कंपनीने विंडोजऐवजी ओएस/२ या कार्यप्रणालीवर (संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) भिस्त ठेवली. लोक वळले विंडोजकडे, जिथे एक्सेल १९८७ पासूनच उपलब्ध होते. लोटसची विंडोज आवृत्ती १९९१ मध्ये आली.

आमच्या कार्यालयात एक्सेल आले तेव्हा आमच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "जुन्या फायली उघडतील ना?" त्या उघडल्या. म्हणून मला वाटते की ग्राहक कंपनीशी नव्हे, तर स्वतःच्या साठलेल्या कामाशी बांधलेला असतो, आणि ते काम सुखरूप पलीकडे नेणाऱ्याला तो स्वीकारतो.

तरीही आधी आलेल्यांची छाप पुसली जात नाही. स्तंभांना अक्षरे आणि ओळींना आकडे देण्याची व्हिसिकॅल्कची पद्धत आजही तशीच आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, पण लोटसने ते तसे मानले होते आणि लोटसशी मेळ राहावा म्हणून एक्सेलनेही ती चूक जाणूनबुजून स्वीकारली. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा मानते. म्हणून विंडोजवरील एक्सेलमध्ये एखाद्या चौकटीत ६० लिहून तिला तारखेचे रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख दिसेल.